पहिला उद्गार आमच्या घरचा

मोहात पडू नका, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीत आलेला प्रत्येक पाहुणा उपदेशक सांगून गेला आहे. मोहांची त्यांची यादीही ठरलेली: दारू, तंबाखूचा खर्रा, मोबाईल, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतली नाटकं. सरळ सांगतो, यातल्या एकानंही मला प्रार्थनेच्या चटईवरून कधी उठवलं नाही. मला उठवलं रागानं. तो राग खोटा नव्हता. पुराव्यानिशी होता, चौकात बोलून दाखवला तर माणसं टाळ्या वाजवतील असा होता. त्याच्यापासून जपून राहा, असं मला कुठल्याही उपदेशकानं सांगितलं नाही. त्यांना वाटत असावं, राग फक्त दारुड्यांना येतो.

आमचं गाव अड्याळपासून सायकलीच्या अंतरावर. सगळं धानाचं गाव. त्यात ख्रिस्ती घरं मोजकी, आजोबांच्या काळापासूनची. चर्चची इमारत नाही. उपासना आमच्याच घरापुढच्या पत्र्याच्या छपरीत होते. भिंतीवर एक वधस्तंभ आहे, मोडलेल्या वखराच्या लाकडाचा. भंडाऱ्याहून पाळक अधूनमधून येतात, एरवीचे रविवार आम्हीच धकवतो.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांचं मनन होतं. ते सगळीकडेच होतं. पण आमच्याकडे एक रीत आहे, ती मी दुसऱ्या कुठल्या मंडळीत पाहिली नाही. आमच्याकडे उद्गार घरांना वाटून दिलेले आहेत. मुळात घरं सात होती, म्हणून आजोबांच्या पिढीनं एकेका घराला एकेक उद्गार दिला. बापामागून तो मुलाकडे येतो. त्या घरचं माणूस हजर असताना दुसऱ्यानं तो बोलायचा नाही. क्रम मोडायचा नाही. पहिला झाल्याशिवाय दुसरा नाही. आणि सातवा होईपर्यंत कोणी पाणी प्यायचं नाही. पाण्याचा माठ मात्र मुद्दाम समोर, वधस्तंभाच्या खाली ठेवायचा. त्याच्यावर झाकण, झाकणावर पालथा गिलास. एप्रिलमधलं आमच्याकडचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला यातलं कठीण काय ते सांगावं लागणार नाही.

घरं आता सात राहिलेली नाहीत. चौथा उद्गार, देवानं टाकून दिल्याच्या आकांताचा, ज्या घराकडे होता ते घर बुटीबोरीला कंपनीच्या कामावर गेलं आणि तिकडेच राहिलं. तो आता काकाजींकडे आहे. काकाजी म्हणजे आमच्या मंडळीचे वडील, उपासना तेच चालवतात. पाचवा, तहानेचा, मायच्या माहेरच्या घरचा. ते घर गावातच होतं, तिचा भाऊ वारल्यावर तो मायकडे आला. सातवा, आत्मा सोपवून देण्याचा, मोठ्या मायचा. मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या चुलत भावाची बायको. ती इतकी म्हातारी होती की दर वर्षी लोकांना वाटायचं, यंदाचा हा तिचा शेवटचा सातवा.

पहिला उद्गार आमच्या घरचा. मारणाऱ्यांसाठी क्षमा मागण्याचा.

बाबा त्या उद्गारावर उपदेश करत नसत. उभे राहायचे, वचन वाचायचे आणि वर्षभरात ज्यांना क्षमा केली त्यांची नावं घ्यायचे. बस्स. शेताचा धुरा हातभर सरकवून घेणारा शेजारी, बोडीतले, म्हणजे आमच्या लहानशा तळ्यातले मासे परस्पर काढून नेणारा कोणी. कारण सांगत नसत. लहानपणी मी विचारलं होतं, "बाबा, त्यानं काय केलं ते काहून नाई सांगत?" ते म्हणाले, "तपशील सांगाचा नाई, बापू. तपशील सांगतला का तक्रार होते."

एका वर्षी त्यांनी मोठ्या मायचं नाव घेतलं. उत्तम शुक्रवारच्या त्या शांततेत मोठी माय जागेवरून फणकारली, "मीठ टाकलं होतं बा मी त्या आंबिलीत! तुयाच तोंडाले चव नोहती!" काकाजी तोंडाला रुमाल लावून हसले. सगळी छपरी हसली. बाबा हसले नाहीत, म्हणाले, "पाहा, अजून एकदा करा लागते." आणि पुन्हा तिचं नाव घेतलं.

मी कॉलेजात असताना चळवळीत गेलो. आमच्या भागात नदीची रेती रात्रंदिवस उपसली जाते आणि टिप्पर गावातल्या रस्त्यांवरून वाऱ्यासारखे धावतात. त्याविरुद्ध आमची लहानशी संघटना. मी पत्रकं लिहायचो. पत्रक लिहिण्याचं एक वळण असतं. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत गुन्हेगार, शेवटी मागण्या. ते वळण हाताला इतकं बसलं की माझी प्रार्थनाही तशीच होऊ लागली. एका रविवारी काकाजींनी मला प्रार्थना करायला सांगितली. मी डोळे मिटून प्रभूला सांगत होतो की या रस्त्यांची तात्काळ दखल घ्यावी, दोषींवर कठोर कारवाई व्हावी. आमेन झाल्यावर मोठी माय मायच्या कानात कुजबुजली, पण तिची कुजबूज पार अंगणापर्यंत जायची: "हे प्रार्थना होती का निवेदन? देव का कलेक्टर हाय वो?"

मला राग आला. तेव्हा मला कशाचाही राग यायचा, कारण तो मला शोभायचा.

मग थंडीत बाबा गेले.

धान निघून गेलं होतं. सकाळी ते सायकलनं अड्याळच्या बाजाराला निघाले. गावाबाहेरच्या वळणावर रेतीच्या टिप्परनं त्यांना उडवलं. नंबर प्लेटवर चिखल थापलेला. आम्हाला कळून आम्ही धावत पोचलो तोवर ते गेले होते. सायकल बाजूच्या धानाच्या बांधीत पडली होती, आणि त्यांचा गमछा कोणीतरी त्यांच्या डोक्याखाली घडी करून ठेवला होता. गमछा कोणी ठेवला, हे मी तेव्हा विचारलं नाही.

चालक साकोलीकडचा कुठला तरी पोरगा. तो दोन दिवसांनी सापडला आणि लवकरच जामिनावर सुटला. टिप्परच्या मालकाला कोणी हातही लावला नाही. टिप्पर पुन्हा त्याच वळणावरून जाऊ लागला, नवीन रंग मारून. हे मी आज लिहितानाही माझे दात एकमेकांवर घासतात, आणि घासावेतच.

मी पत्रक लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: "तडफडणाऱ्या वृद्धाला थेंबभर पाणीही न देता नराधम चालक फरार." मी तिथं नव्हतो. पाहणारं कोणी मला माहीत नव्हतं. पण अशा पत्रकात असं वाक्य असतंच, म्हणून ते आलं. पत्रक पुढं छापून वाटायला जाण्याआधी मी ते मायला वाचून दाखवलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. त्या वाक्यावर तिचा हात थांबला. मला वाटलं, रडते आहे. तिनं एक खडा काढून अंगणात फेकला आणि म्हणाली, "वाच पुढं."

तो सगळा हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात मी रस्त्यावर होतो. रविवारी छपरीत बसायचो, पण बसलेला असायचो इतकंच. वचन वाचलं जायचं आणि माझ्या डोक्यात तो नवीन रंगाचा टिप्पर वळण घ्यायचा. गाणं सुरू व्हायचं आणि मी मनात पुढच्या पत्रकाचं शीर्षक जुळवायचो. कोणी मला नास्तिक म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. मी देवाला सोडलं नव्हतं. मी त्याला माझ्या बाजूनं उभं केलं होतं, मोर्चात झेंडा धरायला उभं करतात तसं.

उत्तम शुक्रवाराआधीचे उपवासाचे दिवस सुरू झाले आणि काकाजी एका संध्याकाळी घरी आले. चहा घेतला. बराच वेळ उन्हाळी धानाला पाणी किती लागतंय यावर बोलले. उठताना म्हणाले, "बापू, पहिला उद्गार तुयाकडं आला बरं."

"मले नाई जमणार, काकाजी. तुमीच बोला."

"मी कसा बोलू? तू गावात हायेस ना."

"मंग मी गावात नाई राहत त्या दिवशी."

काकाजी मायकडं पाहू लागले. माय चुलीतली राख ओढत होती. वर न पाहता म्हणाली, "राहीन. तो राहीन गावात."

आणि नेमका त्याच दिवशी दुपारी आमच्या संघटनेनं त्या वळणावर रास्ता रोको ठेवला. माझा मित्र, जो संघटनेचं सगळं धावपळीचं काम पाहतो, त्यानं फोन केला. "गुड फ्रायडेले सुट्टी राहते, माणसं जमतीन. बाराले सुरू. माईकवर तूच."

"बाराले माया घरी उपासना हाय."

"का बे! तुया बापाले मारणाऱ्याची गाडी रस्त्यानं जाऊन राहिली अन् तू चटईवर बसून माफी वाटजो! टिप्परवाल्याले सांगू का, प्रसाद घ्याले ये म्हणून?"

मला त्याचं बोलणं लागलं, कारण ते माझंच बोलणं होतं. मी रोज स्वतःला हेच विचारत होतो. दोन दिवस मी खरोखर ठरवलं होतं की वळणावर जायचं. तिथं मला काय बोलायचं ते पाठ होतं. तिथं माझ्या रागाची गरज होती. छपरीत तो कोणाच्या काय कामाचा?

मी छपरीत थांबलो. याला श्रद्धा म्हणू नये. माय सकाळीच माठ घासून भरत होती आणि तिनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. ती एक शब्द जरी बोलली असती तरी मी गेलो असतो.

बारा वाजता काकाजींनी कूलर बंद केला. उद्गार ऐकू यावेत म्हणून तो दर वर्षी बंद करतात. पत्रे तापून टिकटिक करत होते. चटया अर्ध्या रिकाम्या. दारातून गरम वारा येत होता. गाणं झालं. काकाजींनी माझ्याकडं पाहिलं.

मी उभा राहिलो, वचन वाचलं. ते वाचता येतं, वाचायला काही लागत नाही. मग बाबांसारखी नावं घ्यायची होती. मी माझ्या मित्राचं नाव घेतलं. एका दुकानदाराचं घेतलं, जो पत्रकं फाडायचा. ही नावं सोपी होती. मग ते एकच राहिलं, आणि सगळ्यांना माहीत होतं कोणतं राहिलं.

तोंडातून शब्द निघेना. मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. कोणीतरी पदरानं वारा घेत होतं, ते थांबलं. मोठी माय भिंतीला टेकून बसली होती, तिचे ओठ कोरडे पडून पांढरे दिसत होते. पहिला झाल्याशिवाय दुसरा नाही. सातवा झाल्याशिवाय पाणी नाही. मी बोललो नाही तर ही सगळी म्हातारी माणसं अशीच बसून राहणार होती.

"काकाजी, पुढं घ्या," मी म्हणालो.

"थांबू," काकाजी म्हणाले. "आमाले कायची घाई नाई."

मग मला जे येतं ते मी सुरू केलं. "त्या गाडीच्या नंबर प्लेटवर चिखल होता. चालक जामिनावर सुटला. मालक अजून मोकाट..." आवाज चढला. छपरीत तो आवाज कसा वाटला असेल ते वाटू दे, पण मला त्या आवाजात निदान उभं राहता येत होतं.

"तपशील नको, बापू," मोठी माय म्हणाली.

तिचा स्वर रागाचा नव्हता. आंबिलीच्या मिठावरून भांडणारी तीच बाई, पण तिनं हे बाबांच्या तोंडचं वाक्य उचलून माझ्यासमोर ठेवलं आणि मग ती डोळे मिटून वाट पाहू लागली.

तपशील काढून घेतल्यावर माझ्याकडं काही उरलं नाही. मी वखराच्या लाकडाकडं पाहिलं. वाचलेलं वचन पुन्हा मनात आलं. त्यात प्रभू मारणाऱ्यांना तोंडावर काही बोलत नाही. तो आपल्या बापाला हाक मारतो आणि त्यांच्यासाठी मागतो. कदाचित त्या घटकेला त्यालाही तेवढंच जमलं असेल. असं म्हणणं चूक असेल तर पाळक मला सांगतील.

मी म्हणालो, "बापा, त्या डायवरले तू क्षमा कर. मायाच्यानं होऊन नाई राहिलं."

आणि खाली बसलो. कोणी आमेन म्हणालं नाही, म्हणायची रीतही नाही. काकाजींनी दुसऱ्या घराकडं मान हलवली. पुढं सरकलं.

काही हलकं वगैरे वाटलं नाही. लोक उपासनेत साक्षी देताना ओझं उतरलं म्हणतात. माझं जिथल्या तिथं होतं. मी फक्त घाम पुसत होतो. तिसरा झाला. चौथा काकाजींनी घेतला, बुटीबोरीला गेलेल्या घराचं नाव घेऊन. मग माय उठली.

पाचव्या उद्गारावर माय दर वर्षी एकच बोलायची, की आपल्या दाराशी आलेल्याला पाणी विचारा, आणि बसायची. या वर्षी ती माठाजवळ जाऊन उभी राहिली.

"त्याईनं पाणी मांगतलं होतं," ती म्हणाली. "रस्त्यावर पडले तवा. डायवर पोट्टा खाली उतरला. त्याईचं डोस्कं मांडीवर घेतलं, बाटलीतलं पाणी पाजलं. रडत होता म्हनते. डोक्याखाली गमछा ठेवला. मंग पळाला." तिनं माठाच्या झाकणावर हात ठेवला. "ते तहानेले नाई गेले. एवढंच."

आणि बसली.

मी तिच्याकडं पाहत राहिलो. सहावा काय झाला, कोण बोललं, मला आठवत नाही. मोठ्या मायचा सातवा मात्र आठवतो, कारण ती या वर्षी उभी राहू शकली नाही. बसूनच बोलली, आणि शेवटचा शब्द काकाजींनी तिच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकला. मग काकाजींनी माठावरचा गिलास सरळ केला. पहिलं पाणी मोठ्या मायला. पाणी कोमट झालं होतं. माझी पाळी आली तेव्हा मीही प्यायलो.

सगळे गेल्यावर मी मायला सैपाकघरात गाठलं. "तुले कोणं सांगतलं हे?"

गावातलीच एक बाई त्या सकाळी रस्त्याकडेच्या बांधीत लाखोळीची भाजी खुडत होती. तिनं सगळं पाहिलं होतं. साक्षीच्या भीतीनं ती कोणाशी बोलली नाही, फक्त मायशी बोलली, बाबांना माती दिल्यावर दोन आठवड्यांच्या आतच.

"म्हणजे मी पत्रक वाचून दाखोलं तवा तुले मालूम होतं?"

"होतं."

"मंग काहून नाई बोलली तू? मी छापलं ना ते, माय! गावोगाव वाटलं!"

माय गिलास विसळत होती. "मले वाटलं, बोलाव. मंग म्हटलं, हे सांगतलं तर तू त्या पाण्यापायी माफ करशीन. एवढं पाणी पाजलं, एवढी माफी. ते का माफी होय?" तिनं गिलास पालथा घातला. "तुया बाबाचा उद्गार तसा नोहता."

मी तिच्यावर ओरडलो. का ओरडलो ते अजून नीट सांगता येत नाही. ती ऐकत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून रडू लागली. बाबा गेल्यापासून मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिला ते पाणी पाजणं एकटीनं सांभाळावं लागलं होतं, सगळा हिवाळा, माझ्या भाषणांच्या आवाजात. मी तिच्याजवळ बसलो.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. रास्ता रोको चांगला झाला होता. पुढच्या आठवड्यात तहसीलवर जायचं, जुनंच पत्रक पुन्हा छापू म्हणाला.

"त्यातली पाण्याची ओळ काढ," मी म्हणालो.

"काहून बे? तेच तर वाक्य लोकाईच्या काळजाले लागते."

"खोटं हाय ते. त्यानं पाणी पाजलं होतं."

तो म्हणाला, "दम निघून जाईन पत्रकातला."

"जाऊ दे. मालकाचं सगळं राहू दे. नंबर प्लेटचं राहू दे. ते वाक्य काढ, अन् नराधम काढ."

"मंग का लिहू?"

"चालक लिही."

तहसीलवर आम्ही गेलो. मी माईकवर बोललो आणि कमी बोललो नाही. खटला चालू आहे, तारखा पडत आहेत, त्या बाईला साक्षीला यायला सांगायचं की नाही हे अजून ठरत नाही. आली तर तिला दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतील, धडकही आणि पाणीही. मालकाला सोडायचा माझा विचार नाही. क्षमा मागितली म्हणून रस्ता मोकळा केला, असं कोणी समजू नये.

पण रविवारी चटईवर बसतो तेव्हा तो टिप्पर अजून वळण घेत येतो. आता त्याच्या दारातून एक पोरगा उतरतो, बाटली हातात घेऊन, आणि बाबांजवळ खाली बसतो. तिथं माझी प्रार्थना अडते. मी पुन्हा तेच म्हणतो, माझ्याच्यानं होत नाही, तू कर. मग पुढचं वचन ऐकायचा प्रयत्न करतो.

पावसाळा संपता संपता मोठी माय गेली. तिचं घर आता बंद आहे. सातवा उद्गार कोणाकडं जाईल ते काकाजींनी अजून सांगितलेलं नाही. पहिला आमच्याकडंच आहे.